फाईल तुमची, कुलूप कुणाचं? खुले आणि मालकीचे फॉरमॅट

मागच्या भागात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून गेलो होतो. आपल्या पॉडकास्टचा प्रत्येक भाग तुमच्यापर्यंत एमपी३ म्हणून पोहोचतो, पण मूळ रेकॉर्डिंग मी माझ्याकडे फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेवतो, असं ते वाक्य होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की आवाज तोच, बोलणारा तोच, मग हा डबल उद्योग कशासाठी? एकानं तर लिहिलं, "एमपी३ वाईट आहे का?" नाही हो, वाईट मुळीच नाही. पण त्याच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. ती कळली तर तुमच्या घरातले फोटो, रेकॉर्डिंग, जुनी पुस्तकं याकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेनं बघाल. म्हणून आजचा अख्खा भाग त्यावर.

आधी फॉरमॅट म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटरला आवाजही कळत नाही आणि चित्रही कळत नाही. त्याच्याकडे असतात फक्त आकडे. कुठला आकडा कशासाठी, कुठल्या क्रमानं, ते सांगणारा जो नियम असतो तो फॉरमॅट. नियम माहीत असेल तर आकड्यांचं गाणं होतं. माहीत नसेल तर नुसता आकड्यांचा ढीग.

आपल्याकडे याचं छान उदाहरण आहे, मोडी लिपी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. मोडी आज रोजच्या व्यवहारात नाही, बहुतेकांना ती वाचताच येत नाही. पण मोडी कुणाच्या मालकीची नाही. तिची मुळाक्षरं छापलेली मिळतात, शिकवणारे वर्ग चालतात, २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. तुम्ही मनावर घेतलंत, काही महिने चिकाटीनं बसलात, तर अडीचशे वर्षांपूर्वीचा जमाखर्च तुमच्यापुढे उलगडतो. कुणाची परवानगी नको, फी नको, कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर नको. खुला फॉरमॅट म्हणतात तो हाच.

आता याच्या उलट बाजूला या. एखाद्या जुन्या छापखान्यात २००० सालच्या आसपासच्या सीडी असतील. त्यात स्मरणिका, दिवाळी अंक, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र. वय जेमतेम पंचवीस वर्षं. आणि उघडायला गेलं तर काय होतं? बरेचदा काहीच होत नाही. अडीचशे वर्षांचा कागद वाचता येतो आणि पंचवीस वर्षांची फाईल वाचता येत नाही, हे विचित्र नाही का?

हे का होतं? माझ्या मते फाईलला तीन प्रकारची कुलुपं लागतात. लोक या तिन्हींना एकच समजतात आणि सरसकट 'मालकीचा फॉरमॅट' म्हणून मोकळे होतात. पण तिन्ही कुलुपं वेगळी आहेत, उघडतातही वेगवेगळ्या तऱ्हेनं. एकेक घेऊ.

पहिलं कुलूप: नियमच लपवलेला

म्हणजे कंपनी फॉरमॅट बनवते, पण आत काय कसं ठेवलंय ते सांगत नाही. आमचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात उघडेल.

मराठी डीटीपीचं जग वर्षानुवर्षं पेजमेकरवर चाललं. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती ७.०, ती आली २००१ साली. पुढे अडोबीनं सगळा जोर इनडिझाइनवर दिला. इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाईली उघडायच्या. सीएस६ नंतर ती सोय गेली. म्हणजे ज्यानं नवं सॉफ्टवेअर रीतसर पैसे भरून घेतलं, त्यालाही आपलीच जुनी पानं उघडेनात.

आणि समजा पान उघडलं, तरी आतल्या मराठीचं काय? युनिकोड रुळण्याआधीचे आपले बहुतेक फाँट एक युक्ती करायचे. फाईलमध्ये साठवलेला असायचा इंग्रजी अक्षराचा आकडा, आणि फाँट त्या जागी देवनागरीचा आकार दाखवायचा. फाँट असेल तोवर मराठी, फाँट गेला की इंग्रजी अक्षरांची भेळ. त्यात प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. एकीचा 'क' जिथे, तिथे दुसरीचा भलताच काना. काही पॅकेजांना तर डोंगल लागायचं, कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावायचं. ते हरवलं की कारभार आटोपला.

गंमत बघा, देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण आपल्या छपाईच्या धंद्यानं ती मनापासून घ्यायला पुढची कितीतरी वर्षं घेतली. मधल्या काळात जे टाइप झालं, ते आज पडद्यावर दिसलं तरी शोधता येत नाही. अशा फाँटमध्ये केलेली पीडीएफ उघडा. दिसायला सुरेख. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, कचरा येतो. गूगललाही तो कचराच दिसतो. मराठी इंटरनेटवर कमी का, या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी हे एक आहे.

हे कुलूप उघडतं कसं? कुणीतरी बसून फाईल आकडा आकडा तपासतो आणि नियम हुडकून काढतो. हे काम कुणी केलं? मुक्तस्रोतवाल्यांनी. लिब्रेऑफिसमध्ये २०१५ साली, ४.४ या आवृत्तीत, पेजमेकरच्या फाईली उघडायची सोय आली. मूळ कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमधून ती सोय गेली होती, ती या स्वयंसेवकांनी आणली. मांडणी थोडी हलते, पण काहीच नसण्यापेक्षा लाखपटीनं बरं.

आवाजाचंही तेच. जुन्या लोकांना रिअलप्लेअर आठवत असेल. १९९५ साली आलेलं रिअलऑडिओ, डायल-अपच्या जमान्यात रेडिओ ऐकायचं तर त्यातच. आज त्या फाईली हाताशी असतील तर बिनधास्त व्हीएलसीत टाका, पुष्कळशा वाजतील. कारण एफएफएमपेग नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं तो २००० साली सुरू केला. त्यातल्या मंडळींनी असे कितीतरी बंद फॉरमॅट उकलून ठेवलेत. तुम्ही जे जे व्हिडिओचं सॉफ्टवेअर वापरता, त्यातल्या निम्म्याशिम्म्यांच्या पोटात कुठेतरी एफएफएमपेग बसलेलं असतं, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

दुसरं कुलूप: नियम उघड, पण वापरायचे पैसे

हे जास्त फसवं आहे. आणि इथेच आपलं एमपी३ येतं.

एमपी३ हा कधीच गुप्त फॉरमॅट नव्हता. तो आंतरराष्ट्रीय मानक आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या एमपेग-१ चा भाग. नियम छापलेले, कुणीही वाचावेत. पण त्यातल्या तंत्रावर पेटंट होती, जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेची आणि इतर काही कंपन्यांची. म्हणजे पाककृती पुस्तकात छापलीय, पण स्वयंपाक केलात तर पैसे द्या!

सुरुवातीला कुणी फारसं विचारलं नाही. लोकांनी मोफत एन्कोडर बनवले, एमपी३ जगभर पसरलं. आपल्याकडे फुटपाथवर एकेका सीडीत दीडशे भक्तिगीतं मिळायला लागली. आणि मग १९९८ मध्ये त्या मोफत एन्कोडरवाल्यांना फ्राउनहोफरकडून पत्रं गेली, की परवाना घ्या, रॉयल्टी भरा. कायद्यानं त्यांचं बरोबरच होतं. पण जो पोरगा घरी बसून फुकट सॉफ्टवेअर लिहून वाटतोय, तो रॉयल्टी कुठून भरणार?

यातूनच ऑग व्हॉर्बिस जन्माला आलं. ख्रिस माँटगोमेरी आणि झिफ या संस्थेच्या मंडळींनी पेटंटच्या वाटेला न जाता नवा फॉरमॅट बनवला, २००२ साली त्याची १.० आवृत्ती आली. त्याच सुमाराला जॉश कोल्सननं फ्लॅक आणलं. ते आवाज लहान करतं, पण त्यातलं काहीही टाकून देत नाही. एमपी३ आवाजातला कानाला फारसा न जाणवणारा भाग कायमचा काढून टाकतं, फ्लॅक नुसती घट्ट घडी घालतं. घडी उलगडली की मूळ आवाज जसाच्या तसा.

फेडोरासारख्या लिनक्सवाल्यांनी तर २०१६ च्या शेवटापर्यंत एमपी३ वाजवायची सोयसुद्धा आपल्याबरोबर दिली नाही. लोक वैतागायचे, "साधं गाणं वाजत नाही तुमच्यात!" पण कारण तांत्रिक नव्हतं, कायद्याचं होतं.

हे दुसरं कुलूप उघडतं ते काळानं. पेटंटची मुदत साधारण वीस वर्षं. २३ एप्रिल २०१७ ला एमपी३ चा परवाना कार्यक्रम बंद झाला. तेव्हा काही बातम्यांत छापून आलं, की 'एमपी३ मेलं'. अहो, मेलं कसलं! उलट त्या दिवसापासून ते मोकळं झालं. म्हणून तुमच्यापर्यंत आपला भाग एमपी३ म्हणून येतो. कुठल्याही फोनवर, गाडीतल्या पेन ड्राइव्हवर, साध्या रेडिओवर वाजतं, आणि आता कुणाचं देणंही नाही.

फोटोंत हेच जीआयएफचं झालं होतं. १९८७ चा फॉरमॅट, सगळीकडे पसरला, आणि १९९४ च्या शेवटी कळलं, की आतल्या तंत्राच्या पेटंटसाठी युनिसिसला पैसे हवेत. त्या रागातून पीएनजी आलं. आज तुम्ही स्क्रीनशॉट काढता तो बहुधा पीएनजी असतो, म्हणजे एका भांडणाचं फळ तुमच्या खिशात आहे.

आणि हे जुनं प्रकरण समजू नका. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसीमध्ये काढतो. त्याच्या आत एचईव्हीसी हे तंत्र आहे, आणि त्याच्या पेटंटसाठी एका वेळी तीन-तीन वेगवेगळे गट पैसे मागत होते. विंडोजवर त्याचा जोड मायक्रोसॉफ्ट वेगळा विकतं. मग होतं काय, की पोराच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, शेवटची तारीख असते, आणि साइट म्हणते 'जेपीजी द्या'. सायबर कॅफेवाला फोटो बदलून देतो आणि दहा रुपये घेतो. ते दहा रुपये कशाचे, हे आता तुम्हाला कळलं.

या पैशांच्या गुंत्याला मोठ्या कंपन्याही कंटाळल्या. २०१५ मध्ये गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, सिस्को, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या आणि २०१८ ला एव्ही१ हा रॉयल्टी न मागणारा व्हिडिओ फॉरमॅट आला. हे काही धर्मकार्य नव्हे, त्यांचा स्वतःचा खर्च वाचतो. आणि एव्ही१ वरही पेटंटचे दावे सांगणारे आहेतच. पण खुलेपणा हा फक्त ध्येयवाद्यांचा हट्ट नाही, त्यात रोकडा व्यवहार आहे, एवढं यातून दिसतं.

तिसरं कुलूप: किल्ली मालकाच्या घरी

हे सगळ्यात वाईट. नियम माहीत असला, पेटंट संपलेलं असलं, तरी फाईल उघडताना ती मालकाला विचारते, 'उघडू का?' याला डीआरएम म्हणतात.

२०१९ ची गोष्ट. मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. ठीक आहे, दुकानं बंद होतात. आपल्या पेठेतलं पुस्तकाचं दुकान बंद झालं तर वाईट वाटतं. पण दुकानदार घरी येऊन आपल्या कपाटातली पुस्तकं घेऊन जात नाही! इथे नेमकं तेच झालं. जुलैपासून लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडायची बंद झाली. कंपनीनं पैसे पूर्ण परत दिले, ज्यांनी पानांवर टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. म्हणजे व्यवहार चोख. पण तुम्ही पुस्तकाच्या समासात काय लिहिलं होतं, त्याची किंमत २५ डॉलर, हे ठरवलं कुणी?

हे कुलूप काळानं उघडत नाही. पेटंटसारखी मुदत त्याला नाही. लपवलेला नियम हुडकता येतो, पण इथे ती खटपट अनेक देशांत बेकायदा ठरते. मालक आहे तोवर दार, मालक गेला की भिंत. आपण विकत घेतलं म्हणतो, पण खरं तर भाड्यानं राहत असतो, आणि भाडेकराराची मुदतही आपल्याला सांगितलेली नसते.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. सॉफ्टवेअर खुलं असणं आणि फॉरमॅट खुला असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अडोबीचा पीडीएफ वाचक बंद सॉफ्टवेअर आहे, पण पीडीएफ २००८ पासून आयएसओ मानक आहे, म्हणून ती डझनभर इतर प्रोग्रॅममध्ये उघडते. व्हॉट्सअ‍ॅपही बंद आहे. पण अँड्रॉइडवर त्याच्या फोल्डरमध्ये डोकावा, व्हॉइस नोट ओपस फॉरमॅटमध्ये दिसतील. ओपस २०१२ चं खुलं इंटरनेट मानक आहे. म्हणजे आजीनं पाठवलेली पुरणपोळीची कृती तुम्ही तिथून उचलून घरच्या डिस्कवर ठेवलीत, तर उद्या अ‍ॅप राहो न राहो, आजीचा आवाज वाजेल. पण उचलायला मात्र हवी. अ‍ॅपच्या पोटात ठेवून 'आहे ना आपल्याकडे' म्हणणं वेगळं.

दोन्हींत निवडायचं झालं, तर मी म्हणेन आधी फॉरमॅट बघा. सॉफ्टवेअर बदलता येतं. फाईल मात्र उरते.

खुल्या सॉफ्टवेअरचा फायदा मात्र आणखी एका प्रसंगात दिसला. २०२२ मध्ये आपल्याकडे व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट महिनोन् महिने उघडत नव्हती, सरकारी आदेशानं अडवलेली होती. वकिली नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडली. पण त्या काळात व्हीएलसी काही मेलं नाही. सोर्स कोड जगभर पसरलेला, लिनक्सच्या भांडारांत त्याच्या प्रती. एका दाराला कडी लागली तरी घर उघडंच राहिलं.

मग मालकीचं ते सगळं वाईट का? तसं मी म्हणणार नाही. एमपी३ मागे शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत होती आणि मेहनतीला मोबदला हवा. पुष्कळदा बंद फॉरमॅट आधी येतो, चांगला चालतो, आणि खुला मागून धापा टाकत येतो. रोज ऐकायला, बघायला जे सोयीचं ते वापरा, मीही वापरतो. माझा मुद्दा साठवणुकीचा आहे. जे वीस वर्षांनी उघडायला हवंय, ते उसन्या कुलुपात ठेवू नका.

खुलेपणाचा त्रासही होतो, तेही सांगतो. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे जिथून मराठी विकिपीडियाला चित्रं आणि व्हिडिओ मिळतात तिथे, एमपी४ व्हिडिओ चालत नाही. २०१४ मध्ये त्यावर मोठी चर्चा झाली आणि तिथल्या लोकांनी पेटंटवाला फॉरमॅट नको असंच ठरवलं. त्यामुळे गावच्या जत्रेचा व्हिडिओ तिथे चढवायचा तर आधी तो वेबएममध्ये बदलावा लागतो. नवखा माणूस तिथेच थकतो. हा तोटा खरा आहे, तो झाकून उपयोग नाही.

तर करायचं काय? चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, कुठलाही फॉरमॅट निवडताना विचारा, की ही फाईल निदान दोन वेगवेगळ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का? हो असेल, तर पहिल्या कुलुपाची भीती कमी. इंटरनेट बंद करून उघडते का? हो असेल, तर तिसऱ्याची भीती कमी.

दोन, घरातलं मोलाचं रेकॉर्डिंग असेल, जुनी कॅसेट उतरवून घेत असाल, तर मूळ प्रत डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. वाटायला एमपी३ करा. उलटं करू नका. एमपी३ चं फ्लॅक केल्यानं गेलेला आवाज परत येत नाही, नुसती फाईल फुगते.

तीन, जुन्या फाँटमधला मराठी मजकूर असेल तर तो आत्ता युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण तो मूळ कुठल्या फाँटमध्ये आहे, हे सांगणारा माणूस अजून आहे तोवरच हे सोपं आहे. तुमच्या संस्थेच्या स्मरणिका ज्यांनी जुळवल्या, ते डीटीपीवाले काका आता निवृत्त होतायत. त्यांना आजच फोन करा.

चार, फॉरमॅट बदलताना मूळ फाईल टाकून देऊ नका. आज न उघडणारी फाईल उद्या कुणीतरी उघडून दाखवेल, रिअलऑडिओचं तसंच झालं. टाकून दिलेली मात्र कुणीच उघडू शकत नाही.

मंडळी, आजचा भाग जरा लांबला. तुमच्याकडे न उघडणारी एखादी जुनी फाईल असेल, तर नावाच्या शेवटची टिंबानंतरची अक्षरं काय आहेत आणि ती कुठल्या सालची आहे, एवढं कळवा. फाईल पाठवू नका, खासगी असते. पुरेशी नावं जमली तर पुढच्या एका भागात एकेक घेऊन बसू आणि कुठलं कुलूप कशानं निघतं ते बघू. तोवर ऐकत राहा, आणि जे ठेवाल ते उघडेल असं ठेवा. नमस्कार.